चुना न लावता बांधलेली वाट

मायोर्का बेटाच्या वायव्य किनाऱ्याला त्रामुंताना डोंगररांग चिकटून उभी आहे. वालदेमोसा गावाच्या वरच्या अंगाला तिच्या धारेवरून आर्चड्यूकची वाट जाते. हाब्सबर्ग घराण्यातल्या आर्चड्यूक लुडविग साल्वाटोरने १८७२ साली इथली मिरामार ही मालमत्ता घेतली आणि मग आसपासची जमीनही घेत गेला. डोंगरावरून रमतगमत समुद्र पाहता यावा, एवढ्यासाठी त्याने धारेपर्यंत वाटा बांधून घेतल्या. लोक इथे येतात ते समुद्र पाहायलाच. मी मात्र सगळ्यांना सांगेन, निम्मा वेळ पायाखाली बघा.

गावातून चढण सदाहरित ओकच्या रानातून जाते. झाडांत मधेमधे दगडांनी आखलेले, शेवाळलेले गोल ओटे लागतात. ते कोळसेवाल्यांचे. लाकडाची रास रचायची, वरून पाला-माती लिंपायची आणि कित्येक दिवस आतल्या आत धुमसू द्यायची. हवा थोडी जास्त शिरली की कोळशाऐवजी राख हाती येई, म्हणून रात्रीही राशीजवळ कुणीतरी जागं लागे.

रान संपलं की उघडी धार. डाव्या हाताला कडा, त्याखाली देया गावाची घरं आणि समुद्रात घुसलेलं, आरपार भोक पडलेलं सा फोरादादाचं टोक. वारा अंगावर येतो. पण पाऊल बिनघोर पडतं, कारण ही वाट नुसती मळलेली नाही, रचलेली आहे. जिथे उतार आहे तिथे खालून दगडी भिंत उभी करून वर सपाटी केली आहे. ठिकठिकाणी दगडांच्या तिरक्या ओळी वाट ओलांडतात. पावसाचं पाणी तिथे अडतं आणि बाजूला वळतं. त्या नसत्या तर पाण्याने वाटेचाच ओढा केला असता.

अशी एक ढासळलेली भिंत पुन्हा उभी करताना मी पाहिली. या कारागिरांना इथे ‘मार्जेर’ म्हणतात. पडलेले दगड आधी वेगळे काढले: पायाचे थोराड, दर्शनी, भरावाचे, चिपांचे. मग घट्ट जमीन लागेपर्यंत खणून पहारेने पायाचे दगड बसवले. दर्शनी दगडाची लांब बाजू डोंगराच्या पोटात जाते, आखूड तोंड तेवढं बाहेर दिसतं. दिसायला मोठा दगड आडवा लावला तर काम झपाट्याने उरकतं आणि भिंत तेवढ्याच झपाट्याने फुगते. त्या माणसाने एक दगड हातात फिरवला, जागेवर ठेवून पाहिला, उचलला, हातोडीने एक कोपरा उडवला, पुन्हा ठेवला, तळव्याने दाबून डुगडुगतो का बघितलं. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड यायलाच हवा. आपल्या कोकणातला गडगा रचणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटेल.

खरी कारागिरी दर्शनी दगडांच्या मागे असते. तिथला भराव घमेल्याने ओतत नाहीत, मूठ-मूठ हाताने बसवतात. पावसाचं पाणी याच भरावातून झिरपून बाहेर पडतं. चुना-सिमेंटने भेगा बुजवल्या तर पाणी मागे तुंबून भिंत बाहेर ढकलतं. भिंतीला डोंगराकडे थोडा कल दिलेला असतो, त्यामुळे मातीचा रेटा ती पेलते. काम पुढे सरकलं तसा तो माणूस तिच्यावरच उभा राहून पुढचा थर रचू लागला.

या डोंगरांतली ऑलिव्हची पायऱ्यापायऱ्यांची शेतं याच हातांनी उभी राहिली. शेती मागे पडली, तरुण हॉटेलांकडे वळले आणि हे काम जवळजवळ विस्मरणात गेलं. पुढे बेटावर ते पुन्हा रीतसर शिकवलं जाऊ लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे. २०११ साली ही रांग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. २०१८ साली चुन्यावाचून दगड रचण्याची कलाही, स्पेनसह युरोपातल्या आठ देशांच्या नावाने, अमूर्त वारशाच्या यादीत आली.

कारागोलीच्या माथ्यावरून पुढे जाऊन काइराट्सच्या दरीत उतरताना बर्फघराचा खड्डा लागतो. हिवाळ्यात पडलेला बर्फ या खड्ड्यात टाकून पायाने तुडवत घट्ट करायचे, थरांमध्ये गवत अंथरायचे आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून खाली न्यायचे. खड्ड्याच्या भिंती त्याच पद्धतीने, दगडावर दगड बसवून उभ्या केल्या आहेत.