कार्ट्रिज कोणतं घ्यावं: मूळ की पुनर्निर्मित?

शाळेच्या कार्यालयातल्या इंकजेट प्रिंटरचं कार्ट्रिज संपलं की एक प्रश्न हमखास पडतो. कंपनीचं नवं कार्ट्रिज आणायचं, की त्याहून बऱ्याच कमी किमतीत मिळणारं पुन्हा भरलेलं? दुकानदार एक सांगतो, प्रिंटरसोबतची पुस्तिका दुसरंच सांगते. दोघांचाही त्यात थोडाफार फायदा असतो. म्हणून कोणाचं ऐकायचं यापेक्षा कार्ट्रिजच्या आत काय घडतं तेच पाहू या. मग निर्णय आपला आपल्याला घेता येईल.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. वापरलेलं मूळ कार्ट्रिज गोळा करून, तपासून, जुनी शाई धुऊन काढून, नवी भरून आणि छापून पाहून विकलं, तर ते ‘पुनर्निर्मित’. तपासणी न करता सुईने नुसती शाई भरून दिली, तर ते ‘रिफिल’. दुसऱ्याच कारखान्याने नव्याने बनवलेलं ते ‘कंपॅटिबल’. आणि मूळ कंपनीचं नाव, खोका, खूण यांची नक्कल करून विकलेलं ते नकली. पहिले तीन व्यवसाय आहेत, चौथी फसवणूक आहे.

थेंब उडतो कसा?

१९७७ साली जपानमधल्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंगची इस्त्री चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली. बऱ्याच इंकजेट प्रिंटरांत आजही हेच तत्त्व वापरतात. शाईत मुख्यतः पाणी असतं. बारीक छिद्रामागचा चिमुकला तापक काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, त्याला लागून असलेल्या शाईच्या थराची वाफ होते आणि तो बुडबुडा पुढची शाई बाहेर ढकलतो. बुडबुडा विरतो आणि केशाकर्षणाने नवी शाई आत येते. छिद्र केसापेक्षा बरंच बारीक असतं आणि थेंब काही पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे लिटरचा १ लाख कोटीवा भाग. थेंब १० पिकोलिटरचा धरला, तर १ मिलिलिटर शाईत १० कोटी थेंब होतात!

दुसऱ्या प्रकारात तापक नसतो. पीझोइलेक्ट्रिक पदार्थाला विद्युतदाब दिला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि त्या धक्क्याने शाई उडते. एपसनचे प्रिंटर या पद्धतीचे आहेत.

छिद्रं कोणाकडे आहेत?

आपल्या निवडीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्ट्रिज उलटं करून पाहा. तळाशी बारीक छिद्रांच्या ओळी असलेली धातूची पट्टी आणि बाजूला तांबूस संपर्कबिंदू दिसले, तर छपाईचं डोकं कार्ट्रिजवरच आहे. एचपी आणि कॅनन यांच्या अनेक लहान प्रिंटरांत ते असं असतं. नुसतं शाई बाहेर पडायचं भोक आणि छोटी चिप दिसली, तर कार्ट्रिज ही केवळ टाकी आहे आणि डोकं प्रिंटरमध्ये आहे.

पहिल्या प्रकारात पुन्हा भरलेल्या कार्ट्रिजबरोबर वापरलेलं डोकंही येतं. तापकावर शाईचा जळका थर साचलेला असू शकतो. शिवाय शाई तापकाला थंडही ठेवते. कार्ट्रिज पूर्ण कोरडं पडेपर्यंत छापत राहिलं, तर तापक जळतात. म्हणून असं कार्ट्रिज कितीही वेळा भरता येत नाही. पण बिघडलं तरी नुकसान सहसा तेवढ्यापुरतंच. ते काढून टाकायचं, प्रिंटर शाबूत राहतो.

दुसऱ्या प्रकारात हिशेब उलटा होतो. टाकी पुन्हा भरणं सोपं, पण हलकी शाई थेट प्रिंटरच्या डोक्यात जाते. दोन वेगळ्या रसायनांच्या शाया मिसळल्या तर गुठळ्या होऊन छिद्रं बुजू शकतात. तिथे स्वस्त शाईची किंमत प्रिंटरला मोजावी लागते.

कार्ट्रिज गळत का नाही, हेही मुलांना दाखवता येईल. ओला स्पंज उचलून धरा. थोडं पाणी ठिबकतं, मग थांबतं. उरलेलं पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं. अनेक कार्ट्रिजांत असाच स्पंज असतो. त्यात जास्त शाई भरली तर ती ठिबकते, भरताना हवा अडकली तर छपाईत पांढऱ्या रेघा येतात. चांगल्या पुनर्निर्मितीत यासाठीच नेमक्या मापाने, बहुधा निर्वातात, शाई भरतात. सुईने अंदाजे भरण्यात आणि यात फरक आहे तो इथे.

कागद किती टिकायला हवा?

काही शायांत रंग पाण्यात विरघळलेला असतो, काहींत रंगद्रव्याचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात. पहिली शाई पावसाच्या थेंबाने पसरते, उन्हात लवकर फिकी पडते. दुसरी बरीच टिकते. मूळ कार्ट्रिजमध्येही पहिल्या प्रकारची शाई असू शकते, म्हणजे खोक्यावरचं नाव ही टिकाऊपणाची हमी नव्हे. उद्याच्या चाचणीची प्रश्नपत्रिका कोणत्याही शाईत चालेल. शाळा सोडल्याचा दाखला मात्र मूल पुढे वीस-तीस वर्षं दाखवणार असतं. तो फिका पडला तर त्रास त्या मुलाला होतो.

त्यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. छापलेला कागद एक दिवस वाळू द्या, त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि बोट फिरवा. दुसरा कागद अर्धा पुठ्ठ्याने झाकून महिनाभर खिडकीत ठेवा आणि मग दोन्ही भाग ताडून पाहा. नववीचे विद्यार्थी हा प्रकल्प सहज करतील.

हिशेब पानाचा

समजा, मूळ कार्ट्रिज ९०० रुपयांना मिळतं आणि ३०० पानं देतं. म्हणजे पानाला ३ रुपये. पुनर्निर्मित ४५० रुपयांना मिळतं आणि २२५ पानं देतं. पानाला २ रुपये. पण १० कार्ट्रिजांपैकी १ बंदच निघालं, तर ४,५०० रुपयांत २,०२५ पानं झाली. त्यांतली २०० खराब गेली, तर कामाची उरली १,८२५. वाया गेलेल्या कागदाचे ५० पैशांप्रमाणे १०० रुपये धरले, तर पानाला सुमारे अडीच रुपये पडतात. अजूनही स्वस्तच.

आता १० पैकी २ बंद निघाली आणि छापलेल्या पानांतली चौथाई वाया गेली असं धरा. कामाची पानं १,३५०, खर्च ४,७२५, म्हणजे पानाला साडेतीन रुपये. ‘स्वस्त’ कार्ट्रिज महाग ठरलं! आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या शाळेचे घाला. खोक्यावरच्या पानांच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो सलग छपाईत मोजलेला असतो. अधूनमधून छापलं, तर डोकं साफ करण्यात बरीच शाई जाते.

चिप आणि कायदा

कार्ट्रिजवरची चिप शाईचा हिशेब ठेवते आणि कार्ट्रिज कोणाचं आहे हेही ओळखते. सप्टेंबर २०१६मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी इतर कंपन्यांची कार्ट्रिजं अचानक नाकारली होती. म्हणून विकत घेताना ‘चालली नाही तर बदलून द्याल का?’ हे विचारून बिलावर लिहून घ्यावं.

पुन्हा भरणं ही चोरी आहे का, असं मुलं विचारतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिजांच्या खटल्यात निर्णय दिला, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. हा तिथला कायदा आहे, पण त्यामागचा विचार वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

रिकामं कार्ट्रिज म्हणजे प्लास्टिक, धातू आणि उरलेली शाई. भारताच्या १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजंही आहेत. चांगल्या रीतीने पुन्हा भरलेलं प्रत्येक कार्ट्रिज हा कचरा पुढे ढकलतं, बंद निघालेलं मात्र त्यात भरच घालतं.

तेव्हा रोजच्या कामासाठी, डोकं कार्ट्रिजवरच असेल तर, बदलून देणाऱ्या दुकानातलं पुनर्निर्मित कार्ट्रिज घ्यायला हरकत नाही. डोकं प्रिंटरमध्ये असेल तर शाईची खात्री पटल्याशिवाय घेऊ नये. दाखल्यांसाठी पाण्याच्या आणि उन्हाच्या चाचणीत उतरलेलीच शाई वापरावी, मग ती कोणाचीही असो. आणि प्रिंटरशेजारी एक वही ठेवावी: कार्ट्रिज कधी घातलं, किती पानं निघाली, किती वाया गेली. वर्षभराने निवड कशी करायची ते ती वहीच सांगेल.