किसणीसारखी त्वचा : घरच्या घरी काय करावे, काय टाळावे

दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपले की ग्वाल्हेरची हवा झपाट्याने कोरडी होऊ लागते आणि दर्पण कॉलनीतील माझ्या दवाखान्यात एक तक्रार वारंवार कानी पडते : "डॉक्टर, मुलाच्या दंडावर किसणीसारखे दाणे आले आहेत. कितीही घासले तरी जात नाहीत." दंडाच्या बाहेरील बाजूस, मांड्यांवर, काहींच्या गालांवरही टाचणीच्या डोक्याएवढे कोरडे दाणे दिसतात. दुखत नाहीत, खाजही बहुधा नसते. वैद्यकशास्त्रात या स्थितीस 'केराटोसिस पायलॅरिस' म्हणतात.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात केराटिन नावाचे प्रथिन असते. ते रोमरंध्राच्या तोंडाशी साचले की त्याचे बारीक बूच तयार होते. तोच हा दाणा. ही प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते. कित्येकदा आईच्या वा वडिलांच्या दंडावरही तसेच दाणे आढळतात. हा संसर्ग नव्हे. अस्वच्छता किंवा 'रक्तातील दोष' यांच्याशीही त्याचा संबंध नाही. तेव्हा आईच्या निगराणीत काही उणे राहिले, असा ठपका ठेवणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

खरे नुकसान होते ते उपायांच्या अतिरेकाने. भरड उटणे, वजरी किंवा काथ्याने घासल्यास बूच निघत नाही; उलट त्वचा लाल होते आणि मागे काळे डाग उरतात. आपल्याकडे मालिशीस सर्रास वापरले जाणारे मोहरीचे तेल कोरड्या त्वचेला झोंबू शकते. त्याऐवजी खोबरेल तेल सौम्य ठरते.

घरची निगा साधी आहे. स्नान कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत उरकावे. साबण सौम्य, सुगंधविरहित व मोजका असावा. अंग पंचाने टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. रात्री झोपताना पुन्हा एकदा लावावे. स्वेटरच्या आत मऊ सुती कपडा असावा. हीटरसमोर मुलास फार वेळ बसवू नये. युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेली मलमे मोठ्या मुलांत उपयोगी पडतात. परंतु लहानग्यांच्या त्वचेची त्यांनी आग होते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावीत.

एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. शेजाऱ्यांनी सुचवलेली 'गोरे करणारी' वा 'खाजेची' ट्यूब मुलास लावू नये. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, तिच्यावर कायमचे वळ उमटू शकतात आणि गालांवर लालसर जाळे दिसू लागते. दाणे मात्र पुन्हा उगवतातच.

काही लक्षणे दिसल्यास मात्र विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. कोपराच्या वा गुडघ्याच्या लवणीत सतत खाज असेल तर इसबाचा विचार करावा लागतो. नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा हा निराळा आनुवंशिक कोरडेपणा होय. कोपरे व गुडघे यांवर काट्यांसारखे टोकदार दाणे, त्यातच आहार निकृष्ट किंवा संधिप्रकाशात दिसण्यास अडचण, असे असेल तर अ जीवनसत्त्व वा आवश्यक स्निग्धाम्लांची उणीव शोधली पाहिजे. दाण्यांत पू होणे किंवा भुवयांचे केस विरळ होणे हेही दुर्लक्षू नये.

फरक जाणवण्यास काही आठवडे लागतात, आणि निगा थांबली की खरबरीतपणा परततो. उन्हाळ्यात बहुतेकांना बरे वाटते. वय वाढेल तसे अनेकांचे दाणे फिके पडत जातात. तोवर त्वचा मऊ राहिली, एवढे यश पुरेसे मानावे. शाळकरी मूल अर्ध्या बाह्यांचा सदरा घालण्यास कचरू लागले, तर त्यामागे बहुधा घरातल्याच कुणाचा शेरा असतो. मुलाच्या दंडावर रोज मायेने मलम लावावे. पाहुण्यांसमोर त्या दंडाची चर्चा मात्र करू नये.