परदेशातील देवालये आणि आपली देरासरे

यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्या परदेशप्रवासाविषयी चार शब्द लिहावेत, अशी आपल्या संघाच्या चिटणीसांची सूचना आली. धान्याच्या घाऊक व्यापारात आमची हयात गेली. लेखणी चालली ती बहुतेक रोजमेळात आणि खातेवहीत. तेव्हा वाचकांनी येथे भाषेच्या सौंदर्याची अपेक्षा ठेवू नये. मात्र जे पाहिले त्यातील काही गोष्टी आपल्या व्यापारी समाजाच्या कामाच्या आहेत, असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

दुकानाची गादी मुलाच्या हाती सोपवून आम्ही उभयता गतवर्षी अक्षय तृतीयेनंतर निघालो आणि आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या आत, म्हणजे चातुर्मास सुरू होण्यापूर्वी, मसाटला परतलो. आमची कन्या बेल्जियम देशातील अँटवर्प या शहरी राहते. जावई हिऱ्यांच्या व्यापारात आहेत. पुतण्या इंग्लंडमध्ये लेस्टर येथे असतो. या दोन घरांच्या मुक्कामात आम्ही गेंट, हेग आणि मास्ट्रिख्ट ही गावेही पाहिली.

प्रथम आहाराचा प्रश्न, कारण सर्व मंडळी तोच आधी विचारतात. बेल्जियम हा तळलेल्या बटाट्यांचा देश. रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर त्याची दुकाने आहेत आणि ही वस्तू आपल्याच देशात जन्मली असा तेथील लोकांचा अभिमानाचा दावा आहे. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यास त्या दुकानांचा उपयोग शून्य. परंतु घरी तूरडाळ, तांदूळ, पीठ, सर्व काही मिळते. खरी गंमत चौविहाराची झाली. जून महिन्यात तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेपाचच्या आत उगवतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हटले तर नऊ वाजताही हरकत नाही! डिसेंबरात मात्र दुपारी साडेचार-पावणेपाचलाच अंधार पडतो आणि पेढीवरील माणसास नियम पाळणे कठीण जाते. तरीही तो पाळणारी तरुण मंडळी आम्हांस भेटली. दुपारचा डबा चार वाजता उघडून ते दिवसाचे भोजन आटोपतात.

अँटवर्पचा हिऱ्यांचा बाजार आगगाडीच्या मुख्य स्थानकाजवळच्या दोन-चार गल्ल्यांत सामावला आहे. पूर्वी तो बहुतांशी ज्यू व्यापाऱ्यांच्या हाती होता. १९६० नंतरच्या काळात पालनपूरकडील जैन कुटुंबे तेथे जाऊ लागली आणि आज त्या व्यापारात त्यांचा मोठा वाटा आहे. सौदा ठरला की हातात हात देऊन ‘मझल’ हा ज्यूंचा शुभशब्द उच्चारतात. मग तो ज्यूने उच्चारलेला असो वा जैनाने, सौदा पक्का. आपल्याकडे बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत, त्याची आठवण झाली. शब्दावर व्यापार चालण्याची या गावाची परंपरा जुनी आहे. व्यापाऱ्यांनी एकत्र जमून सौदे करावेत एवढ्यासाठीच बांधलेली बाजारवास्तू तेथे १५३१ मध्ये उभी राहिली आणि पुढे लंडनच्या रॉयल एक्स्चेंजने तिचाच कित्ता गिरवला.

आता देवालयांकडे वळतो. सिल्वासाच्या भर वस्तीतील पोर्तुगीज अमदानीचे चर्च आपण सर्वजण येताजाता पाहतो. त्यामुळे ख्रिस्ती मंदिराचे नावीन्य आम्हांस नव्हते. परंतु अँटवर्पचे ‘अवर लेडी’ कॅथेड्रल पाहून मान मागे टाकावी लागली. त्याचे बांधकाम १३५२ मध्ये सुरू झाले आणि १५२१ पर्यंत चालू होते. मनोरा १२३ मीटर उंच आहे. आत रूबेन्स या चित्रकाराची भव्य चित्रे आहेत. त्यांपैकी क्रुसावरून ख्रिस्ताचा देह उतरवण्याचे चित्र त्याने १६११ ते १६१४ या काळात काढले.

आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटली ती वेगळीच गोष्ट. त्या देवालयात एकेका धंद्याच्या संघाची स्वतंत्र वेदी असे. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक महाजनाची वेगळी देहरी. मद्यविक्रेत्यांच्या संघाने आपल्या वेदीसाठी मार्टेन दे व्हॉस याच्याकडून काना गावच्या विवाहभोजनाचे चित्र काढवून घेतले. ज्या कथेत ख्रिस्त पाण्याचा द्राक्षासव करतो, ती कथा त्यांनी निवडावी हे साहजिकच! रूबेन्सचे वर सांगितलेले चित्रही बंदूकधारी नगररक्षकांच्या संघाने करविले होते. १५६६ च्या धार्मिक दंगलीत जमावाने तेथील मूर्ती व चित्रे फोडली, तरी पुढे याच संघांनी आपापल्या वेद्या पुन्हा उभारल्या. अर्थात देवालयाची शोभा व्यापारी-कारागिरांच्या वर्गणीतून वाढत गेली, जशी आपल्याकडे आबूपासून राणकपूरपर्यंत मंत्र्यांच्या आणि श्रेष्ठींच्या द्रव्यातून वाढली.

गेंट गावी तर धान्याच्या व्यापाऱ्याने अवश्य जावे. नदीकाठच्या धक्क्यावर मध्ययुगातील धान्याची दगडी वखार आजही उभी आहे आणि जवळच धान्य मोजणाऱ्या मापाड्यांच्या संघाचे घर आहे. नदीतून जो धान्याचा माल गेंटमार्गे जाई, त्याचा चौथा हिस्सा उतरवून गावात विक्रीस ठेवावा असा तेथे नियम होता. त्यामुळे दुष्काळातही गावची पेठ रिकामी पडत नसे. आपल्या बाजार समित्या, हमाल आणि मापाडी यांचेच हे पूर्वज, असे मनात आले.

त्याच गावच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलात व्हॅन आयक बंधूंचे १४३२ सालचे जगप्रसिद्ध लाकडी फलकांवरील चित्र आहे. ते करविले योस व्हिट नामक धनवंत नगरप्रमुखाने व त्याच्या पत्नीने. त्यांना संतान नव्हते. फलक मिटले असता बाहेरच्या बाजूस या वृद्ध दांपत्याची गुडघे टेकून हात जोडलेली चित्रे दिसतात. आमच्या सौभाग्यवती बराच वेळ तेथे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बिचारी दोघे सहाशे वर्षे गुडघ्यांवर बसली आहेत, आपले गुडघे तर एका सामायिकात बोलू लागतात.” या दांपत्याने १४३५ मध्ये त्या कक्षात नित्य प्रार्थना व्हावी म्हणून कायम निधीही ठेवला होता. पुढे त्या चित्राचे हाल झाले. फ्रेंचांनी त्यातील फलक पॅरिसला नेले; दुसऱ्या महायुद्धात नाझींनी संपूर्ण चित्र ऑस्ट्रियातील मिठाच्या खाणीत दडवले; एक फलक १९३४ मध्ये चोरीस गेला तो आजतागायत सापडलेला नाही. आज ते काचेआड, मोठ्या बंदोबस्तात आहे आणि ते पाहण्यास तिकिटाची रांग लागते.

त्या रांगेत आमच्या नातीने एक प्रश्न विचारला. ती नऊ वर्षांची आहे. “आजोबा, एवढी माणसे आहेत, मग प्रार्थना कोणीच का करीत नाही?” आम्ही पाहिले, तर खरोखरच सभोवती सर्व प्रेक्षक होते. एका कोपऱ्यात एक वृद्धा मेणबत्ती लावीत होती, एवढेच.

या प्रश्नाचे पुढचे पान मास्ट्रिख्टला दिसले. तेथील तेराव्या शतकातील डोमिनिकन चर्च फ्रेंच स्वारीनंतर देवालय राहिले नाही. पुढे ते सायकली ठेवण्यासही वापरले गेले आणि २००६ पासून तेथे पुस्तकांचे दुकान आहे. उंच कमानींखाली पोलादी मजले चढवून पुस्तके मांडली आहेत. दुकान सुंदर आहे, गर्दीही चांगली आहे. भिंती पडल्या नाहीत, ही त्या लोकांची रसिकताच म्हणावी. तथापि ज्यांनी त्या भिंती बांधल्या त्यांचा हेतू तेथे उरलेला नाही.

देवालयांखेरीज एक वास्तू आम्ही हट्टाने पाहिली, ती हेगचा शांतिप्रासाद. १९१३ मध्ये उघडलेल्या या प्रासादात आंतरराष्ट्रीय न्यायालय भरते. आपल्या मुलुखाचा निवाडा येथेच झाला. मराठ्यांकडून १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगिजांकडे गेले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मुक्त झाले. आणि १९५५ मध्ये पोर्तुगालने दमणहून या प्रदेशात येण्याजाण्याच्या हक्कासाठी भारताविरुद्ध दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट होती, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना नव्हती; आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. म्हणजे जगाच्या न्यायासनाने आपल्या मुलुखात धान्याच्या पोत्यास वाट दिली आणि बंदुकीस नाकारली! अहिंसेचा उपासक असलेल्या व्यापाऱ्यास याहून समाधानाचा निवाडा कोणता?

शेवटी लेस्टर. युगांडात इदी अमीनने १९७२ मध्ये हिंदी लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले, तेव्हा अनेक कुटुंबे या शहरी आली. तेथील जैन समाजाने १९७९ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एक जुने चर्च विकत घेतले आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. पाश्चात्त्य जगातील हे पहिले प्रतिष्ठित जैन मंदिर मानतात. बाहेर शुभ्र संगमरवर, आत कोरीव खांब, आणि ख्रिस्ती पद्धतीच्या रंगीत काचांवर भगवान महावीरांचे चरित्र. श्वेतांबर, दिगंबर व स्थानकवासी या सर्वांची उपासनास्थाने एकाच छताखाली आहेत. आपल्याकडे ज्या भेदांपायी न्यायालयाच्या पायऱ्या झिजतात, ते भेद तेथे एका जिन्याच्या अंतरावर सुखाने नांदतात.

एका धर्माची वस्तू दुसऱ्याच्या मंदिरात जाणे महाराष्ट्रास नवीन नाही. १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ आणि मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. त्या युद्धात मिळाल्या. लेस्टरचे चर्च मात्र व्यवहाराने, राजीखुशीने हाती आले. ज्यांच्या बाकांवर बसण्यास माणसे उरली नव्हती त्यांनी दिले आणि ज्यांना बसण्यास जागा नव्हती त्यांनी घेतले.

आमच्या लिहिण्याचे प्रयोजन येथे आहे. परदेशी गेलेल्या मुलांचा धर्म सुटेल, अशी चिंता आपल्या सभांत नेहमी बोलून दाखवली जाते. आम्ही पाहिले ते असे : अँटवर्पच्या विल्रिक उपनगरात भारतात घडविलेल्या संगमरवराचे पार्श्वनाथ प्रभूंचे मंदिर आहे आणि सुटीच्या दिवशी तेथे तरुण जोडपी मुलांसह पूजेला येतात. आमची नात नवकार मंत्र शुद्ध म्हणते, प्रतिक्रमणाची सूत्रे शिकते. दूर असल्यामुळेच त्यांना मंदिराची गरज अधिक भासते. उलट आपल्या लहान गावांची देरासरे आठवून पाहावीत. जीर्णोद्धार झालेला असतो, शिखरावर नवी ध्वजा असते, भांडारात रक्कमही असते. परंतु नित्यपूजा पगारी पुजारी करतो आणि वर्षातून एकदा, ध्वजारोहणाच्या दिवशी, मुंबई-सुरतेहून मोटारी येतात. पाठशाळेच्या खोलीस कुलूप असते. व्हिट दांपत्यानेही निधी ठेवला होता. निधीने दगड आणि चित्र राखले. गाभाऱ्यात माणूस आणून उभा करणे निधीस साधले नाही.

यास्तव आपल्या संघापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, ज्या गावी दहाहून कमी घरे उरली आहेत तेथील देरासरांची यादी करावी आणि शेजारच्या पेठांतील सभासद कुटुंबांनी पाळीपाळीने महिन्यातून एक दिवस तेथे स्वतः पूजेस जावे, मुलांसह जावे. दुसरी, संघाच्या शिल्लकेतून पुढील पाच वर्षे नवीन बांधकामास रक्कम न देता पाठशाळेच्या शिक्षकांस योग्य वेतन द्यावे. चांगला शिक्षक मुनिमाइतक्याच पगारास पात्र आहे. तिसरी, परदेशी असलेली आपली नातवंडे सुटीत येतात तेव्हा त्यांस केवळ बाजार व समुद्रकिनारा न दाखवता गावच्या देरासरात पूजेची एक पाळी द्यावी. ती पार पाडतील, याची ग्वाही आम्ही पाहिल्यावरून देतो.

मसाटची पाळी प्रत्येक महिन्याच्या शुद्ध पंचमीस आमच्या घराने घेतली आहे. इतर सभासदांनी आपापली तिथी चिटणीसांकडे पर्युषणापूर्वी नोंदवावी, अशी विनंती आहे.

जय जिनेंद्र.