नव्या रायफलीची परीक्षा

शाळेच्या प्रयोगशाळेत नवा तराजू आला की आपण काय करतो? आधी पारडी रिकामी ठेवून काटा शून्यावर येतो का ते पाहतो. मग एकच वजन पाच-सहा वेळा ठेवून दरवेळी तेच उत्तर मिळते का ते तपासतो. पहिल्या तपासणीत तराजूची कायमची, एकाच बाजूला झुकणारी चूक कळते; दुसरीत कधी इकडे तर कधी तिकडे होणारी चूक कळते. नवी रायफल चांदमारीच्या मैदानावर नेणारा माणूसही याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधत असतो. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात? आणि त्यांचा मध्य नेम धरलेल्या बिंदूपासून किती दूर आहे? प्रश्न सोपे आहेत, पण त्यांची उत्तरे काढताना जाणती माणसेही फसतात. ती का फसतात हे समजून घेतले, तर त्याचा उपयोग शिक्षकाला रायफलीपेक्षा फळ्यापाशी अधिक होईल.

उदाहरणासाठी एक ठरावीक रायफल घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे सरकारी शस्त्रागार होते. तेथे जॉन गॅरँड या मूळच्या कॅनडातल्या तंत्रज्ञाने तयार केलेली 'एम-१' ही अर्धस्वयंचलित रायफल अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियाच्या युद्धात ती सैनिकांच्या हाती होती. एकूण ५४ लाखांच्या आसपास रायफली तयार झाल्या. सैन्यातून निवृत्त झालेल्या यांतल्या बऱ्याच रायफली तेथील नागरिकांना नेमबाजीसाठी विकण्यात आल्या. त्यामुळे घेणाऱ्याच्या दृष्टीने 'नवी' असलेली रायफल प्रत्यक्षात सत्तर-ऐंशी वर्षांची असू शकते, आणि म्हणूनच तिची परीक्षा आवश्यक ठरते. आपल्याकडे शस्त्र कायद्यामुळे या जातीची रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. पण एन.सी.सी.त ज्यांनी .२२ रायफल चालवली आहे, त्यांना 'ग्रुपिंग' आणि 'झिरो करणे' हे शब्द नवे नाहीत.

एका दाबाला एक गोळी

अर्धस्वयंचलित म्हणजे काय? चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण रिकामे काडतूस बाहेर फेकणे, घोडा पुन्हा चढवणे आणि नवे काडतूस नळीत सरकवणे ही कामे रायफल स्वतःच करते. त्यासाठी लागणारी ऊर्जा येते कोठून? जळलेल्या दारूच्या वायूतून. एम-१ च्या नळीला तोंडाजवळ खालच्या बाजूने एक बारीक छिद्र असते. गोळी या छिद्रापुढे गेली की तिच्यामागचा थोडासा वायू छिद्रातून शिरतो आणि एका लांब दांड्याला मागे ढकलतो. दांडा मागे येताना बोल्टला थोडे फिरवून त्याची कडी सोडवतो आणि त्याला मागे नेतो. रिकामे काडतूस बाहेर उडते, घोडा चढतो. मग दाबली गेलेली स्प्रिंग सगळ्याला पुन्हा पुढे ढकलते आणि बोल्ट पुढचे काडतूस नळीत बसवतो. आठ काडतुसे एका पोलादी क्लिपमध्ये एकत्र भरलेली असतात. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप खणकन् आवाज करत वर उडते.

छिद्र नळीच्या तोंडाजवळ का? कारण तोवर गोळी जवळजवळ बाहेर पडलेली असते आणि नळीतला दाब पुष्कळ उतरलेला असतो. दाब कमाल असताना बोल्ट उघडला, तर काडतुसाचे पितळ फाटेल आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येईल. यंत्राची सुरक्षितता येथे वेळेच्या हिशेबावर उभी आहे, आणि सगळा हिशेब सहस्रांश सेकंदांचा आहे.

म्हणूनच मैदानावर पहिली तपासणी नेमाची नसते. रायफल रिकामी आहे ना, नळीत काही अडकलेले नाही ना, काडतुसे त्याच मापाची आहेत ना, हे आधी पाहतात. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच असते. मग सुरुवातीला एकच काडतूस भरून गोळी झाडतात. त्यानंतर दोन भरतात, कारण झिजलेल्या यंत्रात एका दाबाला दोन गोळ्या सुटण्याचा धोका असतो. ते होत नाही याची खात्री पटल्यावरच पूर्ण क्लिप भरायची. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवेच. अशा रायफलीचा आवाज कानाशी १५० डेसिबलच्या वर जातो. १४० डेसिबलचा एखादा धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो.

वेग आणि धक्का

गोळीचे वजन सुमारे ९.८ ग्रॅम आणि नळीतून बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला सुमारे ८५० मीटर. एवढा वेग तिला नळीतल्या साधारण ५५ सेंटिमीटरच्या प्रवासात मिळतो. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले, तर सरासरी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६७ हजार पट निघते! नळीच्या आतील मळसूत्री खाचा दर २५.४ सेंटिमीटरला एक वेढा घेतात. म्हणजे बाहेर पडणारी गोळी सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा स्वतःभोवती फिरत असते. भोवरा फिरत असेतो उभा राहतो, तशीच फिरती गोळी हवेत कोलांटी न खाता टोक पुढे ठेवून जाते.

हा वेग मोजण्याची पहिली चांगली युक्ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये प्रसिद्ध केली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी रुतवायची आणि ठोकळा किती झुलला ते मोजायचे. आपल्या गोळीचा संवेग ०.००९८ × ८५०, म्हणजे ८.३ एकक आहे. ठोकळा दहा किलोचा असेल तर तो सेकंदाला ०.८३ मीटर वेगाने निघेल आणि साडेतीन सेंटिमीटर वर चढेल. येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. गोळीची गतिज ऊर्जा सुमारे ३,५०० ज्यूल होती, झुलणाऱ्या ठोकळ्याकडे मात्र साडेतीन ज्यूलच आहे. बाकीची कोठे गेली? संवेग टिकला, पण ऊर्जेचा जवळजवळ सगळा भाग लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात गेला. आज हेच मोजमाप एक मीटर अंतरावरच्या दोन प्रकाशसंवेदकांनी होते. गोळी हे अंतर १.१८ सहस्रांश सेकंदात कापते.

संवेगाच्याच नियमाने रायफल मागे येते. गोळीच्या ८.३ एककांत तोंडातून वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूचे जवळजवळ चार एकक मिळवावे लागतात. रायफलीचे वजन ४.३ किलो धरले, तर ती सेकंदाला २.८ मीटर वेगाने खांद्याकडे येईल आणि तिची ऊर्जा सुमारे १७ ज्यूल असेल. वायूचा हिशेब विसरला तर ही ऊर्जा निम्म्याहून कमी निघते. पाठ्यपुस्तकातल्या बंदुकीच्या गणितात हा वायू बहुधा विसरलेलाच असतो.

झिरो करणे

गोळी सरळ रेषेत जात नाही. पहिले १०० मीटर जायला तिला ०.१२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सुमारे साडेसात सेंटिमीटर खाली येते. २०० मीटरवर ही घट सुमारे ३२ सेंटिमीटर होते, तर ३०० मीटरवर ८० च्या आसपास. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली ठेवावी लागते. किती वर, ते मागची दृष्टी वरखाली करून ठरवतात. एम-१ च्या दृष्टीची प्रत्येक 'टिक' एक कोनीय मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग असते. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटिमीटर. समजा, दहा गोळ्यांचा मध्य बिंदूच्या सहा सेंटिमीटर डावीकडे आणि चार सेंटिमीटर खाली आला. तर दृष्टी दोन टिक उजवीकडे आणि एक टिक वर न्यायची. एवढेच 'झिरो करणे'.

पण मी मुद्दाम दहा गोळ्या म्हटले. बहुतेक जण तीनच झाडतात, आणि खरी गंमत येथे सुरू होते.

तीन गोळ्यांचा मोह

रायफल शिकंजात घट्ट धरली तरी सर्व गोळ्या एका भोकातून जात नाहीत. दारूचे वजन, गोळीचा घाट, नळीचे तापमान, दांड्याचे कंपन यांत बारीक फरक पडतच राहतात. समजा, आपल्या रायफलीच्या विखुरण्याचे प्रमाण विचलन १०० मीटरवर आडवे आणि उभे दोन-दोन सेंटिमीटर आहे. लक्ष्यपत्रावर सर्वांत दूरच्या दोन भोकांमधले अंतर मोजण्याची नेमबाजांची पद्धत असते. संभाव्यतेच्या गणिताने हे अंतर तीन गोळ्यांसाठी सरासरी ४.८ सेंटिमीटर येते, पाच गोळ्यांसाठी ६.१ आणि दहा गोळ्यांसाठी ७.६. रायफल तीच, काडतुसे तीच. फक्त गोळ्या वाढल्या. म्हणजे तीन गोळ्यांचा छोटा ग्रुप दाखवून 'माझी रायफल फार अचूक' असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. तो कमी गोळ्या झाडत असतो.

शिवाय तीन गोळ्यांचे हे अंतर दरवेळी सारखे येत नाही. कधी ते तीन सेंटिमीटर भरेल, कधी साडेसहा. तेव्हा एका जातीच्या काडतुसांचा ग्रुप साडेतीनचा आणि दुसऱ्या जातीचा सहाचा आला, म्हणून पहिली जात चांगली असे ठरत नाही. मध्याचेही तसेच. तीन गोळ्यांवरून काढलेल्या मध्यात प्रत्येक दिशेला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास अनिश्चितता राहते, दहा गोळ्यांवरून सुमारे सहा मिलिमीटर. अनिश्चितता निम्मी करायची तर गोळ्या चौपट हव्यात. वर्गमुळाचा नियम कोणालाही सवलत देत नाही.

आणखी एक सवय असते. नऊ गोळ्या एकत्र पडल्या आणि दहावी लांब गेली, की 'तेव्हा माझा हात हलला' म्हणून ती सोडून द्यायची. चांगले नेमबाज यावर एक नियम पाळतात. गोळी सुटताक्षणीच, लक्ष्यपत्र पाहण्यापूर्वी, ती कोठे गेली असावी हे बोलून दाखवायचे. हात हलल्याचे आधी सांगितले असेल तरच ती वगळायची; भोक पाहून नव्हे. प्रयोगवहीतले न आवडणारे वाचन खोडण्यापूर्वी हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याने आठवावा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. या दर्जाच्या स्पर्धेसाठी काडतुसांच्या वेगवेगळ्या तुकड्या नळी शिकंजात धरून झाडून पाहतात आणि मगच निवडतात. तेथे तीन गोळ्यांवर कोणी विसंबत नाही.

प्रत्येक चुकीमागे धावल्यास

सर्वांत महागात पडते ती घाई. पहिली गोळी दोन सेंटिमीटर उजवीकडे गेली, लगेच दृष्टी दोन सेंटिमीटर डावीकडे नेली. दुसरी खाली गेली, दृष्टी वर केली. हा माणूस उद्यमशील दिसतो, पण त्याच्या गोळ्या अधिक विखुरतात. का? पहिल्या गोळीची चूक केवळ योगायोगाची होती. ती 'दुरुस्त' केल्यामुळे दुसऱ्या गोळीत तिची स्वतःची योगायोगाची चूक आणि पहिलीची उलटी चूक अशा दोन चुका एकत्र आल्या. स्वतंत्र चुकांच्या विचलनांचे वर्ग बेरजेत मिळतात. म्हणून दोन सेंटिमीटरचे विचलन २.८ होते. काही न करता बसलेल्या माणसापेक्षा हा चाळीस टक्क्यांनी वाईट!

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग हीच गोष्ट कारखान्यांच्या व्यवस्थापकांना नरसाळे आणि गोटी घेऊन समजावीत असत. हा प्रयोग वर्गात सहज होतो. जमिनीवर आलेखाचा कागद अंथरून त्यावर कार्बन पेपर उलटा ठेवा. मध्यबिंदूच्या दीड फूट वर स्टँडला नरसाळे अडकवा आणि काचेची गोटी त्याच्या काठावरून सोडा, म्हणजे ती गरगरत खाली पडेल. पहिल्या टप्प्याचीच खूण धरायची. उसळलेली गोटी लगेच झेला. नरसाळे न हलवता तीस वेळा गोटी टाका. मग नवा कागद घ्या आणि प्रत्येक वेळी गोटी मध्यापासून जेवढी सरकली, तेवढे नरसाळे उलट दिशेला सरकवत आणखी तीस वेळा टाका. दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणता ठिपक्यांचा पुंजका मोठा, हे मुलांनाच सांगू द्या. पहिल्या कागदावरच्या तीसांपैकी चिठ्ठ्या टाकून तीन-तीन ठिपके निवडले, तर तीन गोळ्यांचा मोहही तेथेच दिसेल.

घटक चाचणीत एका मुलाला पंचवीसपैकी अठरा गुण मिळाले, पुढच्या चाचणीत पंधरा. हा फरक त्याच्या अभ्यासाचा की त्या दिवशीच्या प्रश्नांचा? दोन ठिपक्यांवरून ते सांगता येत नाही. अशा वेळी लगेच रागावणारा किंवा शिकवण्याची पद्धत बदलणारा शिक्षक दर गोळीला दृष्टी फिरवणाऱ्या नेमबाजासारखाच असतो. चार-सहा चाचण्यांचा मध्य आधी पाहावा. तो खरोखरच सरकला असेल, तर मग दृष्टी जरूर हलवावी, आणि जेवढा मध्य सरकला तेवढीच.