गोड आहे, पण साधं नाही: जपानी ‘कवाई’ पॉपची गंमत

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी खास.

आज बोलायचंय त्या जपानी गाण्यांबद्दल, जी लावली की शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो, “हे काय लहान मुलांचं लावलंयस?” गुलाबी केस, मोठमोठे बो, बाहुलीसारखा आवाज, आणि दिवसभर डोक्यातून न जाणारी चाल. जपानीत याला शब्द आहे ‘कवाई’. आपण गोंडस म्हणू, क्यूट म्हणू, पण त्या एका शब्दात यापेक्षा बरंच काही आहे.

सुरुवात एका व्हिडिओपासून करू. २०११ मध्ये ‘पोन पोन पोन’ नावाचं गाणं यूट्यूबवर आलं. गायिका क्यारी पाम्यु पाम्यु, वय फक्त १८. त्याआधी ती टोकियोच्या हाराजुकू भागातली फॅशन मॉडेल आणि ब्लॉगर होती. भाषा न कळणाऱ्या लोकांनीही जगभर तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. पुढे २०२२ मध्ये ती अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवातही गायली.

आता तो व्हिडिओ नीट बघा. खेळण्यांनी खच्चून भरलेली खोली, सगळीकडे कँडीचे रंग. आणि त्यातच मेंदू, बुबुळं, कवट्या! हा सेट उभा केला सेबॅस्टियन मासुदा यांनी. १९९५ पासून हाराजुकूत त्यांचं ‘६% डोकीडोकी’ नावाचं भडक रंगांचं दुकान आहे. नुसतं गोड असतं तर आपण दोन मिनिटांत कंटाळलो असतो. गोडाच्या पोटात थोडं भीतीदायक ठेवलंय, म्हणून नजर हटत नाही.

आता गाण्याकडे येऊ. क्यारीची गाणी लिहिणारे आणि घडवणारे संगीतकार म्हणजे यासुताका नाकाता. ‘परफ्युम’ या तीन मुलींच्या ग्रुपमागेही तेच आहेत. ते आवाजाला सिंथसारखं वापरतात. थरावर थर चढवतात, प्रोसेस करतात, भावनांचे चढउतार कमी ठेवतात. त्यामुळे आवाज माणसाचा आणि खेळण्याचा, दोन्ही वाटतो.

जे-पॉपमध्ये कॉर्ड्सची एक ठरलेली चाल सतत भेटते. जपानीत तिला ‘राजमार्ग’ अशा अर्थाचं नाव आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर म, प, ग, ध या स्वरांवरच्या कॉर्ड्स एकामागोमाग एक. गंमत म्हणजे यात ‘सा’वरची कॉर्ड येतच नाही. म्हणजे गाणं घरी पोहोचतच नाही, दारापर्यंत येऊन पुन्हा निघतं. त्यात शेवटच्या दोन कॉर्ड्स मायनर. म्हणून अशी गाणी आनंदी असूनही कुठेतरी हुरहुर लावतात.

अजून एक. जपानमध्ये ‘योनानुकी’ नावाचं स्वरसप्तक प्रसिद्ध आहे. मेजर स्केलमधून चौथा आणि सातवा स्वर काढायचा. उरतात सा रे ग प ध. ओळखीचं वाटतंय ना? भूपाचे स्वर! राग नाही हां, फक्त स्वर तेच. जपानच्या शाळेतल्या जुन्या गाण्यांत आणि लोकप्रिय गाण्यांत हे सप्तक भरपूर आहे आणि आजच्या पॉपमध्येही त्या वळणाच्या चाली सापडतात. त्यामुळे आपल्या कानाला ते पूर्ण परकं वाटत नाही.

शब्दांचंही तसंच. ‘डोकी डोकी’ म्हणजे काळजाची धडधड. ‘किरा किरा’ म्हणजे चमचम. ‘फुवा फुवा’ म्हणजे मऊ मऊ, लुसलुशीत. आपल्याकडे टपटप, छुमछुम, लुकलुक आहे, तसं त्यांच्याकडे अशा शब्दांचं भांडारच आहे. अर्थ माहीत नसला तरी जिभेला मजा येते.

पण खरा प्रश्न पुढे आहे. इतकं गोड दिसायचं कुणासाठी?

१९७० च्या दशकात जपानी शाळकरी मुलींनी गोल गोल अक्षर काढायला सुरुवात केली. मध्येच बदाम, चांदण्या. कुणी शिकवलं नव्हतं. मोठी माणसं वैतागली, काही शाळांनी तर बंदीच घातली. याच दशकात, १९७४ मध्ये, सॅनरिओ कंपनीने हॅलो किटी तयार केली. म्हणजे मुलींचा खोडसाळपणा आणि कंपन्यांचा धंदा, दोन्ही साधारण एकाच काळात वाढले. संशोधक शॅरन किन्सेला यांनी १९९५ मध्ये मांडलं होतं की जपानमध्ये मोठं होणं म्हणजे जबाबदाऱ्यांचं ओझं, आणि क्यूट राहणं म्हणजे त्याला दिलेला एक प्रकारचा नकार.

याची दुसरी बाजू आयडॉल ग्रुप्समध्ये दिसते. ‘एकेबी४८’ हा ग्रुप २००५ मध्ये सुरू झाला. सीडीसोबत हात मिळवण्याचं तिकीट, आणि मुलींनी प्रेमात पडायचं नाही हा दंडक. २०१३ मध्ये या ग्रुपमधल्या एका मुलीची प्रेमप्रकरणाची बातमी छापून आली, तेव्हा तिने डोकं भादरून, रडत व्हिडिओवर माफी मागितली. २० वर्षांची मुलगी, गुन्हा काय तर प्रेम! इथे गोंडसपणा ही तिची मर्जी राहत नाही, नोकरीची अट होते.

क्यारीचं गोड वेगळं वाटतं ते इथेच. ती कुणाला आवडावी म्हणून नटत नाही, विचित्र दिसण्याचा हक्क बजावते. बनावट पापण्यांवर तिचं एक अख्खं गाणं आहे! अर्थात तिच्याही मागे कंपनी आहे, मार्केटिंग आहे. त्याच कंपनीचा ‘फ्रूट्स झिपर’ हा ग्रुप २०२२ मध्ये आला आणि ‘माझ्यातली सगळ्यात कवाई गोष्ट’ अशा अर्थाच्या गाण्याने टिकटॉकवर गाजला. पुढच्याच वर्षी त्यांना जपान रेकॉर्ड अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट नवोदितांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे हा रंग अजून उडालेला नाही.

मी दिवसभर कोड लिहितो. सगळं नीट, रांगेत, करड्या स्क्रीनवर. कदाचित म्हणूनच मला हा रंगीत पसारा आवडतो. तुमचं कारण वेगळं असेल. फक्त पुढच्या वेळी असं गाणं लागलं की स्वतःला एवढंच विचारा: हे गोड कुणाच्या मर्जीचं आहे, गाणाऱ्या मुलीच्या की बघणाऱ्यांच्या? उत्तर दरवेळी सोपं नसेल, पण गाणं मात्र जास्त नीट ऐकू येईल.

आणि कुणी ‘बालिश’ म्हणालंच, तर एक इअरफोन त्यांच्या हातात द्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!