विश्लेषण : रीलमधला धबधबा जिवावर का बेततो?

पावसाळा सुरू झाला की महाड, पोलादपूर आणि शेजारच्या माणगाव तालुक्यातील धबधब्यांचे व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागतात. अर्ध्या मिनिटाच्या दृश्यामागे नेमकी जोखीम काय असते, याविषयी...

कुंभे येथे काय घडले?
१६ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या रीलस्टार अन्वी कामदार माणगावजवळील कुंभे धबधब्याच्या परिसरात चित्रीकरण करताना सुमारे ३०० फूट दरीत कोसळल्या. त्यांना बाहेर काढायला बचाव पथकांना सुमारे सहा तास लागले. मात्र त्यांचे प्राण वाचले नाहीत.

पूर्वीच्या चित्रीकरणात फरक काय?
मिलिंद गुणाजी यांच्या ‘भटकंती’सारख्या मालिकांनी गडकिल्ले घराघरांत पोहोचवले. तेव्हा पडद्यावर बोलणारा वेगळा आणि कॅमेरा धरणारा वेगळा असे. आता वाट काढणे, बोलणे, कॅमेरा आणि ड्रोन हे सारे अनेकदा एकाच माणसाकडे असते. नजर स्क्रीनवर असली की पायाखालचा दगड दिसत नाही.

येथे धोका जास्त का?
सह्याद्रीचे कडे कोकणाच्या बाजूला सरळ तुटलेले आहेत. पावसात काळ्या कातळावर शेवाळ धरते, कड्याच्या टोकाची माती सुटते. सावित्री उगम पावते त्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथ्यावर सर कोसळली की खालचा ओढा बघता बघता फुगतो.

मदत लगेच का पोहोचत नाही?
दरीत मोबाइलला रेंज नसते, गाडीरस्ता दूर राहतो. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा महाबळेश्वरचे ट्रेकर्स दोर लावून दरीत उतरले होते. एकाला वर काढताना अनेकांचा जीव टांगणीला लागतो.

मग चित्रीकरण करूच नये का?
जरूर करावे, पण प्रशासनाचे बंदी आदेश आधी पाहावेत. गावातला वाटाड्या घ्यावा, परतीची वेळ गावात सांगावी. चालताना कॅमेरा बंद ठेवावा आणि कड्यापासून लांब उभे राहूनच तो सुरू करावा. चित्रीकरण सुरू असताना एका सोबत्याने फक्त पायांकडे लक्ष द्यावे. रायगड संरक्षित स्मारक असल्याने तेथे ड्रोनसाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते.

व्हिडीओत धबधब्याबरोबर तिथवरची निसरडी वाटही दाखवली, तर तो पाहून निघणारा पुढचा माणूस तयारीने येईल.