तडा बुजवण्याआधी

गेल्या वर्षी आमच्या पोहण्याच्या तलावातला तडा नुसत्या सिमेंटने लिंपला होता. पावसाळ्यानंतर तो त्याच रेषेत पुन्हा उघडला आणि आमची जलतरणाची परीक्षा लांबली. तेव्हा लक्षात आले, की तडा बुजवण्याआधी तो ओळखावा लागतो.

पहिला प्रश्न: पाणी खरोखर गळते का? भिलाईच्या मे महिन्यात पुष्कळ पाणी वाफ होऊनच उडते. त्यासाठी बादलीची चाचणी करतात. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची. बादलीतली आणि तलावातली पातळी खुणेने नोंदवायची आणि २४ तासांनी पुन्हा पाहायची. बादलीपेक्षा तलावाची पातळी जास्त उतरली, तर गळती आहे. २५ मीटर लांब व १० मीटर रुंद तलावात १ सेंटिमीटर म्हणजे २,५०० लिटर पाणी! जागा शोधायला पंप बंद करून, पाणी शांत झाल्यावर तड्याजवळ थोडा रंग सोडावा. रंग आत ओढला गेला, तर पाणी तिथूनच जाते.

दुसरा प्रश्न: तडा स्थिर आहे की हलता? आपल्या भागातली काळी कन्हार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतीवर ताण येतो. रिकाम्या तलावात तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवावी. काही आठवड्यांत ती तुटली, तर तडा हलतो आहे.

आता दुरुस्ती. गिलाव्यापुरता तडा असेल, तर तो छिन्नीने रुंद करून, साफ करून, न आकसणाऱ्या मसाल्याने भरावा आणि ओला ठेवावा. काँक्रीटपर्यंत गेलेल्या स्थिर तड्यात दाबाने इपॉक्सी भरतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, तेव्हाही इपॉक्सीच वापरले होते. हलत्या तड्यात मात्र कडक मसाला टिकत नाही; तिथे रबरासारखे ताणले जाणारे सीलंट लागते. गंजाचे डाग दिसले, तर आतली सळई तपासायला अभियंत्यालाच बोलवावे.

एक सावधगिरी: भर पावसाळ्यात तलाव रिकामा करू नये. जमिनीखालचे पाणी वाढले, तर रिकामा तलाव खालून उचलला जाऊन आणखी तडकू शकतो.

आधी पाहणी, मग कारवाई, हा नियम मैदानावर आपण रोज पाळतो. तलावालाही तोच लागू आहे.